ऑर्ग-मोडचा वेळ-तक्ता: कोणतं डिफॉल्ट सेटिंगमध्ये ठेवायचं आणि काय ओळीतच लिहायचं

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या ऑर्ग-मोडमध्ये (मथळे, कामं आणि वेळेच्या नोंदी साध्या मजकुरात ठेवणारी सोय) कामाचे तास नोंदवणारे बहुतेक जण नोंद बरोबर करतात आणि त्या नोंदींची बेरीज मांडणाऱ्या तक्त्याशी येऊन अडतात. तक्रारी ठरलेल्या आहेत. चाळीस तास काम झालं आणि तक्ता ‘एक दिवस सोळा तास’ म्हणतो. सेटिंगमध्ये मथळ्यांची पातळी तीन केली, तरी तक्त्यात दोनच दिसतात. गेल्या महिन्यात पाठवलेला तक्ता आज उघडला तर आकडा वेगळाच. यातला एकही बिघाड नाही. डिफॉल्ट तीन वेगवेगळ्या ठिकाणी राहतात आणि आपण बहुधा चुकीच्या ठिकाणी हात घालतो.

या लेखातला नियम एकच आहे. तक्ता *दिसतो कसा* हे सेटिंगमध्ये ठेवा; तक्ता *काय मोजतो आणि कधीपासून कधीपर्यंत* हे प्रत्येक वेळी तक्त्याच्या ओळीतच (‘बिगिन’ने सुरू होणाऱ्या पहिल्या ओळीत) लिहा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. क्रम मोडू नका, कारण तिसरी पायरी न करता सातवी केली तर आकडे पडताळता येणार नाहीत.

लिपीबद्दल आधी एक सूचना. इथे सेटिंगची नावं देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, मधल्या आडव्या रेघांसकट लिहायची. स्पेलिंगची खात्री नसेल तर कंट्रोल-एच, मग व्ही दाबा, ‘ऑर्ग-क्लॉक’ एवढं रोमनमध्ये लिहा आणि टॅब दाबा. पूर्ण यादी समोर येते. अंकही इंग्रजीच (1, 2, 3) हवेत. मराठी कीबोर्ड चालू असताना हाताने वेळ टाइप केली तर १०:३० असं पडतं. ऑर्ग त्याला अंक मानत नाही, आणि हिशेब अडतो किंवा ती ओळ गणतीतून गळते.

## १. तयारी: आधी नोंदी स्वच्छ करा

तक्ता नोंदींच्या वर काही शहाणपण करत नाही. तेव्हा नोंद होतानाची चार सेटिंगं आधी ठरवा.

ऑर्ग-क्लॉक-इन्टू-ड्रॉवर. मुळातच चालू असतं आणि नोंदी ‘लॉगबुक’ नावाच्या ड्रॉवरमध्ये (मथळ्याखालच्या मिटून ठेवता येणाऱ्या कप्प्यात) जातात. तसंच राहू द्या.

ऑर्ग-क्लॉक-आउट-रिमूव्ह-झीरो-टाइम-क्लॉक्स. मुळात बंद असतं, चालू करा. चुकून घड्याळ सुरू करून लगेच बंद केलं की शून्य मिनिटांची ओळ उरते. तिने बेरीज बिघडत नाही, पण शंभर ओळींत अशा तीस निघाल्या की खरी चूक शोधताना डोळे दुखतात.

ऑर्ग-क्लॉक-पर्सिस्ट. हे चालू केल्यावर ‘ऑर्ग-क्लॉक-पर्सिस्टन्स-इन्सिन्युएट’ ही आज्ञाही सुरुवातीच्या फाइलमध्ये लागते. ती विसरली की सेटिंग असूनही काही होत नाही, आणि ईमॅक्स बंद करून उघडल्यावर चालू घड्याळ हरवतं.

ऑर्ग-क्लॉक-आयडल-टाइम. मुळात रिकामं असतं. १० किंवा १५ मिनिटं ठेवा. लिनक्सवर पूर्ण संगणकाची निष्क्रियता कळायला ‘एक्सप्रिंटआयडल’सारखा छोटा प्रोग्रॅम लागतो. तो नसेल तर ऑर्गला फक्त ईमॅक्समधली शांतता दिसते, आणि तुम्ही ब्राउझरमध्ये काम करत असतानाही ‘कुठे होतात?’ असं विचारलं जातं. हा त्रास झाला की लोक सेटिंगच बंद करून टाकतात. त्यापेक्षा प्रोग्रॅम बसवा.

> सावधान: ‘ऑर्ग-क्लॉक-राउंडिंग-मिनिट्स’ मुळात ० आहे, ते ० च ठेवा. पंधरा मिनिटांच्या पटीत बिल लावायचं असेल तर राउंडिंग बिलात करा. नोंदीतच केलं तर खरी वेळ कायमची जाते. नंतर वाद झाला तर दाखवायला काही उरत नाही.

परदेशी येजा करणाऱ्यांसाठी: ऑर्गच्या वेळेत टाइम झोन लिहिलेला नसतो. पुण्यात दहाला घड्याळ सुरू केलं, दुबईत उतरून लॅपटॉपने वेळ बदलली आणि तिथल्या बाराला बंद केलं, तर नोंद दोन तासांची होते. प्रत्यक्षात साडेतीन झालेले असतात. विमानात बसण्याआधी घड्याळ बंद करा.

## २. चाचणीची फाइल बनवा

ही पायरी सगळे गाळतात आणि मग खऱ्या हिशेबावरच प्रयोग करत बसतात. दहा मिनिटं लागतात. तीन पातळ्यांचे मथळे घ्या (‘अनुवाद’, त्याखाली ‘मसुदा’, त्याखाली ‘पहिलं प्रकरण’) आणि खालच्या सहा नोंदी त्यांत विखरून टाका:

```
[2025-02-28 शुक्र 09:00]--[2025-02-28 शुक्र 10:00] =>  1:00
[2025-03-03 सोम 10:00]--[2025-03-03 सोम 11:30] =>  1:30
[2025-03-04 मंगळ 15:00]--[2025-03-04 मंगळ 15:45] =>  0:45
[2025-03-05 बुध 08:00]--[2025-03-06 गुरु 08:00] => 24:00
[2025-03-09 रवि 23:00]--[2025-03-10 सोम 01:00] =>  2:00
[2025-03-31 सोम 09:00]--[2025-03-31 सोम 09:30] =>  0:30
```

प्रत्येक ओळीआधी ‘क्लॉक’ हा शब्द रोमन मोठ्या अक्षरांत आणि विसर्गासारखे दोन टिंब हवेत. चोवीस तासांची नोंद मुद्दाम घातली आहे, कारण चोवीसच्या पुढे गेल्याशिवाय वेळेच्या रूपाची चूक दिसतच नाही. रविवारची नोंद मध्यरात्र ओलांडते, तीही मुद्दाम.

हाताने काढलेल्या बेरजा कागदावर लिहून ठेवा:

- काळाची अट नसताना सगळं मिळून: २९:४५
- २०२५ चा दहावा आठवडा (३ ते ९ मार्च): २७:१५
- मार्च २०२५: २८:४५

आठवड्याच्या बेरजेत रविवारच्या दोन तासांतला एकच धरला आहे. ऑर्ग नोंद काळाच्या सीमेवर कापतं. उरलेला तास पुढच्या आठवड्यात जातो. हे योग्यच आहे, फक्त ठाऊक असावं.

## ३. डिफॉल्टची तीन घरं ओळखा

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून थोडं थांबून.

पहिलं घर: ऑर्ग-क्लॉकटेबल-डिफॉल्ट्स. तक्त्याच्या ओळीत जे लिहिलेलं नाही ते इथून घेतलं जातं. इथे काही बदललं की तुमचे *जुने* तक्तेही पुढच्या वेळी ताजे (अपडेट) करताना बदलतात, कारण ते दर वेळी इथे डोकावतात.

दुसरं घर: ऑर्ग-क्लॉक-क्लॉकटेबल-डिफॉल्ट-प्रॉपर्टीज. नाव पहिल्यासारखंच, काम पूर्ण वेगळं. नवा तक्ता घालताना त्याच्या पहिल्या ओळीत जो मजकूर *लिहिला जातो* तो इथून येतो. इथला बदल फक्त पुढे घालायच्या तक्त्यांना लागू.

तिसरं घर: ऑर्ग-अजेंडा-क्लॉकरिपोर्ट-पॅरामीटर-प्लिस्ट. अजेंडात (कामं तारखेनुसार एकत्र दाखवणाऱ्या पानावर) दिसणाऱ्या तक्त्यापुरतं. त्याबद्दल पायरी ८ मध्ये.

आता सापळा पाहा. दुसऱ्या घरात मुळातच ‘:मॅक्सलेव्हल 2’ ठेवलेलं असतं. म्हणजे नवा तक्ता घातला की त्याच्या ओळीत ‘:मॅक्सलेव्हल 2’ छापून येतं. मग तुम्ही पहिल्या घरात जाऊन ३ करता. काहीच होत नाही. होणार कसं? ओळीत लिहिलेलं नेहमी पहिल्या घरावर मात करतं. ‘सेटिंग लागूच होत नाही’ या तक्रारीमागे जवळजवळ नेहमी हेच असतं.

उपाय: दुसऱ्या घरातून पातळी काढून टाका आणि तिथे व्याप्ती (कुठले मथळे मोजायचे) आणि काळ ठेवा. पातळी पहिल्या घरात राहू द्या.

```
(विथ-इव्हॅल-आफ्टर-लोड 'ऑर्ग-क्लॉक
  (सेटक्यू ऑर्ग-क्लॉकटेबल-डिफॉल्ट्स
    (प्लिस्ट-पुट ऑर्ग-क्लॉकटेबल-डिफॉल्ट्स :मॅक्सलेव्हल 3))
  (सेटक्यू ऑर्ग-क्लॉक-क्लॉकटेबल-डिफॉल्ट-प्रॉपर्टीज
    '(:स्कोप फाइल :ब्लॉक धिसवीक)))
```

> सावधान: पहिल्या घरात ‘सेटक्यू’ने नुसतं ‘(:मॅक्सलेव्हल 3)’ ठेवू नका. तिथे वीसेक गुणांची (पॅरामीटरची) पूर्ण यादी असते. तुमची एका गुणाची यादी तिच्या जागी बसते आणि बाकी सगळे पुसले जातात. शीर्षकांचं खाली-आत सरकणं जातं, लांब मथळे कापले जात नाहीत, व्याप्ती रिकामी होते. म्हणून ‘प्लिस्ट-पुट’, आणि तेही ऑर्ग-क्लॉक लोड झाल्यानंतर. आधी केलं तर हे चल (व्हेरिएबल) अस्तित्वातच नसतं आणि ईमॅक्स सुरू होताना चूक दाखवतं.

तपासा: ईमॅक्स बंद करून उघडा. कंट्रोल-एच व्ही करून पहिल्या घराची किंमत पाहा. यादी लांबलचक दिसली पाहिजे आणि पातळी ३ दिसली पाहिजे. दोन्हींपैकी एक नसेल तर पुढे जाऊ नका.

## ४. वेळेचं रूप: ‘दिवस’ हटवा

ऑर्ग ९.१ पासून वेळ कशी दाखवायची हे ‘ऑर्ग-ड्युरेशन-फॉरमॅट’ ठरवतं. मुळात ते चोवीस तासांच्या पुढे दिवस वेगळा काढतं. चाचणीच्या फाइलमध्ये दहाव्या आठवड्याचा तक्ता घातलात तर २७:१५ ऐवजी ‘1’, त्यापुढे दिवसाचं रोमन अक्षर आणि ‘3:15’ दिसेल. वाचणारा माणूस एक दिवस म्हणजे आठ तासांची पाळी धरतो आणि तुमचे सोळा तास बुडतात.

या सेटिंगची किंमत ‘एच:एमएम’ करा, म्हणजे नुसते तास आणि मिनिटं. चाळीस तास ४०:०० दिसतील, एकशे साठ १६०:०० दिसतील.

‘एक दिवस = ८ तास’ असं करायला ‘ऑर्ग-ड्युरेशन-युनिट्स’ बदलता येतं. कामाच्या अंदाजात कोणी ‘1 दिवस’ लिहिलं तर ऑर्ग ते मुळात चोवीस तास धरतं, त्यामुळे तिथे या बदलाचा मोह होतो. करू नये. अंदाज तासांतच लिहावेत. एकाच फाइलवर दोघे काम करत असतील आणि एकाकडेच युनिट बदललेलं असेल, तर त्याच ओळीचे दोन अर्थ होतात.

तपासा: चाचणीच्या फाइलवर काळाची अट न घालता तक्ता ताजा करा. २९:४५ यायला हवं. ताजं करायला कर्सर तक्त्याच्या ‘बिगिन’ ओळीवर नेऊन कंट्रोल-सी कंट्रोल-सी.

## ५. तक्त्याचा आकार

:मॅक्सलेव्हल किती खोलवरचे मथळे ओळ म्हणून दिसतील ते ठरवतं. त्याखालचा वेळ हरवत नाही, वरच्या मथळ्यात मिळवला जातो. म्हणून ही निवड बिनधास्त करता येते. स्वतःसाठी ३, दुसऱ्याला पाठवायला २. चाचणी: १, २, ३ तिन्ही ठेवून पाहा; एकूण बेरीज तसूभरही हलता कामा नये.

:नॅरो मुळात ‘40!’ असतं. उद्गारचिन्ह आहे तोवर मथळा खरोखर कापून छापला जातो. नसेल तर स्तंभ फक्त दिसायला अरुंद होतो. मराठी मथळ्यांना चाळीस कमी पडतात, ६० करा. मराठीत आणखी एक खोड आहे: जोडाक्षरांची रुंदी ईमॅक्स नीट धरत नाही आणि तक्त्याच्या उभ्या रेघा वेड्यावाकड्या दिसतात. आकडे बरोबरच असतात. डोळ्यांना खुपत असेल तर ‘व्हीअलाइन’ हे पॅकेज पिक्सेलच्या मापाने स्तंभ जुळवतं.

:कॉम्पॅक्ट सगळ्या पातळ्यांचा वेळ एकाच स्तंभात आणतं. सुटसुटीत दिसतं, म्हणून लोक तेच डिफॉल्ट करतात. इथे थांबा. वरच्या मथळ्याच्या वेळेत खालच्यांची वेळ आधीच धरलेली असते. वेगवेगळे स्तंभ असताना प्रत्येक पातळीची बेरीज वेगळी राहते. एकाच स्तंभात आल्यावर कोणी तो स्प्रेडशीटमध्ये टाकून उभी बेरीज मारली की तेच तास दोनदा-तीनदा मोजले जातात. पडद्यावर वाचायला कॉम्पॅक्ट चांगलं. स्प्रेडशीटला द्यायच्या तक्त्यात कॉम्पॅक्ट नको, पातळी १ ठेवा.

:लिंक स्वतःच्या तक्त्यात चालू ठेवा, मथळ्यावरून थेट कामाकडे जाता येतं. :फाइलस्किप० अनेक फाइलींच्या तक्त्यात चालूच हवं, नाहीतर शून्याच्या ओळींनी पान भरतं. :लँग मुळात इंग्रजीच राहतं. तक्त्याच्या डोक्यावर मराठी शब्द हवे असतील तर भाषांतराची यादी स्वतः भरावी लागते. हे मी शेवटी ठेवलं असतं, किंवा ठेवलंच नसतं.

## ६. व्याप्ती: ओळीतच, आणि सावधपणे

‘:स्कोप’ म्हणजे कुठले मथळे मोजायचे. इथे तीन वेळा चुकतं.

ऑर्गच्या अलीकडच्या आवृत्त्यांत दुसऱ्या घरात व्याप्ती नसेल तर कर्सर कुठे आहे त्यावरून ती ठरते: मथळ्याच्या आत असाल तर ‘सबट्री’, पहिल्या मथळ्याच्या वर असाल तर ‘फाइल’. ‘अहवाल’ नावाचा मथळा करून त्याखाली तक्ता घातला आणि बेरीज शून्य आली, तर कारण हेच. ‘अहवाल’खाली काम नाहीच, मोजणार काय? म्हणूनच पायरी ३ मध्ये दुसऱ्या घरात ‘:स्कोप फाइल’ ठेवलं.

दुसरी चूक: व्याप्ती रिकामी ठेवणं. रिकामी असताना ऑर्ग फक्त त्या क्षणी *दिसणारा* भाग मोजतं. फाइल एका मथळ्यापुरती अरुंद करून ठेवली असेल तर बाकीचं गायब. ‘फाइल’ लिहिलं की अरुंद असली तरी पूर्ण फाइल मोजली जाते.

तिसरी महाग पडते: काम संपलं की अनेक जण मथळा आर्काइव्ह फाइलमध्ये टाकतात. महिनाअखेरीला ‘फाइल’ व्याप्तीचा तक्ता ताजा केला की संपवलेल्या कामांचे तास नाहीसे. म्हणजे सगळ्यात जास्त काम केलेल्या महिन्यात सगळ्यात कमी बिल! महिन्याच्या आणि बिलाच्या तक्त्यात ‘फाइल-विथ-आर्काइव्ह्ज’ लिहा, अजेंडाच्या सगळ्या फाइलींसाठी ‘अजेंडा-विथ-आर्काइव्ह्ज’. ते डिफॉल्ट मात्र करू नका. आर्काइव्ह वाढलं की रोजचा साधा तक्ताही रेंगाळतो.

## ७. काळ: ओळीतच, आणि पाठवण्याआधी गोठवा

रोजच्या वापराला ‘:ब्लॉक’मध्ये सापेक्ष शब्द चालतात: टुडे, धिसवीक, लास्टवीक, धिसमंथ, लास्टमंथ. कर्सर ‘बिगिन’ ओळीवर ठेवून शिफ्ट आणि डावा-उजवा बाण दाबला की तक्ता एक घर मागे-पुढे सरकतो. फार सोयीचं, आणि चुकून दाबलं जाणारंही.

पाठवायच्या तक्त्यात सापेक्ष शब्द कधीच नको. कंट्रोल-यू कंट्रोल-सी कंट्रोल-एक्स कंट्रोल-यू या आज्ञेने फाइलमधले सगळे तक्ते एकदम ताजे होतात. त्यात मार्चमध्ये ‘लास्टमंथ’ म्हणून फेब्रुवारी दाखवणारा तक्ता एप्रिलमध्ये मार्च दाखवू लागतो. पाठवण्याआधी त्या जागी पक्का काळ लिहा: ‘2025-03’ किंवा आठवड्यासाठी ‘2025’, आडवी रेघ, आठवड्याचं रोमन मोठं अक्षर आणि ‘10’.

आर्थिक वर्ष. ऑर्गचं ‘धिसइयर’ जानेवारी ते डिसेंबर. एप्रिल ते मार्चसाठी वेगळा गुण नाही, तारखाच द्याव्या लागतात:

```
:टीस्टार्ट "<2025-04-01>" :टीएंड "<2026-04-01>"
```

शेवटची तारीख १ एप्रिल आहे, ३१ मार्च नाही, हे नीट पाहा. वेळ न लिहिलेली तारीख म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्र, दिवस सुरू होतानाची. ‘2026-03-31’ लिहिलं तर ३१ मार्चचं सगळं काम बाहेर राहतं, आणि वर्षअखेरीला नेमकं त्याच दिवशी लोक रात्रीपर्यंत बसलेले असतात.

तिमाहीतही तीच गफलत. ऑर्गची दुसरी तिमाही म्हणजे एप्रिल ते जून, ती आपल्याकडच्या आर्थिक वर्षाची पहिली. काळ बरोबर येतो, फक्त अहवालाच्या शीर्षकात ‘पहिली’ लिहायचं लक्षात ठेवा.

पगाराचं चक्र २६ ते २५ असेल तर ‘:एमस्टार्ट’ आहे, पण ‘या महिन्यात’ आज येतो का हे दर वेळी तपासत बसण्यापेक्षा दोन तारखा लिहिणं बरं. आठवडा रविवारपासून धरत असाल तर ‘:डब्ल्यूस्टार्ट 0’. हे मात्र पहिल्या घरात ठेवायला हरकत नाही, कारण ते माणसागणिक एकदाच ठरतं.

> सावधान: ‘:ब्लॉक’ आणि तारखा एकाच ओळीत देऊ नका. ब्लॉक जिंकतो आणि तारखा मुकाट्याने दुर्लक्षित होतात. पायरी ३ प्रमाणे नव्या ओळीत ‘:ब्लॉक धिसवीक’ आपोआप येतं. तारखा घालताना ते आधी खोडा.

तपासा: चाचणीच्या फाइलवर ‘:ब्लॉक 2025-03’ ने २८:४५ यायला हवेत. मग ब्लॉक काढून ‘2025-03-01’ ते ‘2025-03-31’ या तारखा द्या: २८:१५ येतील. हरवलेला अर्धा तास ३१ तारखेचा आहे. हा फरक एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस ही चूक पुन्हा करत नाही.

## ८. अजेंडातला तक्ता आणि सफाई

अजेंडात मोठा आर दाबला की खाली तक्ता येतो. त्याचा काळ आणि व्याप्ती अजेंडाच ठरवतो, तिसऱ्या घरात त्या लिहून उपयोग नाही. तिथे पातळी आणि लिंक एवढंच ठेवा.

जास्त कामाचं आहे ते अजेंडात व्ही, मग सी. एकमेकांवर चढलेल्या नोंदी, मधली भोकं आणि संशयास्पद लांब नोंदी यात रंगीत दिसतात. मर्यादा ‘ऑर्ग-अजेंडा-क्लॉक-कन्सिस्टन्सी-चेक्स’मध्ये आहेत: मुळात सर्वांत लांब नोंद १० तासांची, चालणारं भोक ५ मिनिटांचं, आणि पहाटे चारच्या आसपासचं भोक माफ. जेवणाची वेळही माफ यादीत घाला, नाहीतर रोज दुपारी दीडला इशारा मिळेल आणि आठवड्याभरात तुम्ही इशारे वाचणं सोडाल. सर्वांत लांब नोंद ५ तासांवर आणा. घड्याळ बंद करायचं राहून गेलेल्या दुपारी दहा तासांच्या मर्यादेत सहज बसतात.

चढलेल्या नोंदी तक्ता स्वतः पकडत नाही. दहा ते बारा आणि अकरा ते एक अशा दोन नोंदी असतील तर तो चार तास मोजतो. म्हणून ही सफाई तक्त्याच्या *आधी*.

## ९. पैशाचा हिशेब

२७:१५ म्हणजे सव्वासत्तावीस तास, २७.१५ नाही. ताशी ८०० रुपयांनी बरोबर रक्कम २१,८००; दोन टिंबांच्या जागी दशांश बिंदू टाकून गुणलं तर २१,७२०. फरक ८० रुपयांचा, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही आणि वर्षभर चालतो.

सूत्र तक्त्याच्या खाली ‘टीबीएलएफएम’ ओळीत लिहिलंत तर ताजं करताना ते टिकतं आणि पुन्हा चालतं. सूत्राच्या शेवटी अर्धविराम आणि रोमन छोटा टी लावला की तास-मिनिटं दशांशात धरली जातात. तक्त्याच्या *आत* हाताने लिहिलेली टीप मात्र पुढच्या ताजेपणी पुसली जाते. टिपा ‘बिगिन’च्या वर लिहा.

## १०. आकडा जुळत नसेल तर, या क्रमाने

१. घड्याळ चालू आहे का? चालू कामाचा वेळ तक्त्यात मुळात धरला जात नाही. ‘ऑर्ग-क्लॉक-रिपोर्ट-इन्क्लूड-क्लॉकिंग-टास्क’ने धरता येतो, पण मग तोच तक्ता दर मिनिटाला वेगळा येतो. आधी घड्याळ बंद करा.

२. मथळ्यांवरच्या बेरजेशी तुलना करताय? कंट्रोल-सी कंट्रोल-एक्स कंट्रोल-डी मुळात फक्त चालू वर्षाचा वेळ दाखवतं. काळाची अट नसलेल्या तक्त्याशी ते जुळणारच नाही.

३. नोंद हाताने दुरुस्त केली होती? बाणापुढचा आकडा आपोआप बदलत नाही. तक्ता दोन वेळांवरून मोजतो, ओळीतला जुना आकडा वाचत नाही. त्यामुळे डोळ्यांनी ओळी मिळवल्या तर फरक येतो. त्या ओळीवर कंट्रोल-सी कंट्रोल-सी करा.

४. तारीख नसलेल्या नोंदी शोधा. ‘क्लॉक’ शब्दापुढे थेट बाण आणि ‘1:30’ अशी ओळ ऑर्गला चालते. पण तिला तारीखच नसल्याने काळाची अट लागत नाही: ती *प्रत्येक* आठवड्याच्या आणि प्रत्येक महिन्याच्या तक्त्यात मोजली जाते. आठवड्यांची बेरीज महिन्यापेक्षा जास्त निघाली तर आधी हिच्याकडे बघा. ओळीला सुरुवात आणि शेवट देऊन टाका.

५. आर्काइव्ह. व्याप्तीत ‘विथ-आर्काइव्ह्ज’ घालून फरक पडतो का पाहा.

६. तरीही जुळत नसेल तर तीच ‘बिगिन’ ओळ उचलून चाचणीच्या फाइलमध्ये चिकटवा आणि काळ मार्च २०२५ करा. २८:४५ आले तर सेटिंग ठीक आहे, चूक नोंदींत आहे. नाही आले तर पायरी ३ वर परत जा आणि पहिल्या घराची यादी अजून लांबलचक आहे ना, ते पाहा.